बॅटरी नसलेल्या गाडीचा सायरन

"बंद करा रे ते! आधी बंद करा! पाहुण्याला दोन घास सुखानं खाऊ द्या!"

प्राचार्य सर ओरडत होते. एका हातात श्रीखंडाचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव, आणि डावातलं श्रीखंड एक्झामिनर डॉक्टरांच्या ताटात पडायचं सोडून त्यांच्या बुटावर पडलेलं. मांडवातल्या झाडून सगळ्यांनी कानांत बोटं घातली होती. खरकट्या हातानंच. माझ्या शेजारच्या पोरीच्या कानात भगर गेली, ती पुढं आठवडाभर निघत होती… बरं, संध्याकाळपर्यंत म्हणू.

सायरन वाजत होता. अँब्युलन्सचा. वर चढायचा, खाली यायचा, परत चढायचा. मांडवाचे पत्रे थरथरत होते, पाण्याच्या जारमध्ये लाटा उठत होत्या.

"कोण वाजवून राह्यलंय ते?" सरांनी डाव माझ्यावर रोखला. "सुजाता! तू ऊठ. तुझं ताट अजून वाढलं न्हाई ना? मंग जा. बंद करून ये जल्दी."

ज्याचं ताट वाढलेलं नसेल त्यानं धावायचं — आमच्या कॉलेजचा इमर्जन्सी प्रोटोकॉल एवढाच.

मी उठले, मांडवाच्या बाहेर आले, आणि उन्हात जागच्या जागी थांबले. कारण तेव्हा मला आठवलं, की त्या गाडीत बॅटरीच नाही.

इथं जरा दम खाते, कारण आता तुमच्यातले निम्मे लोक सरसावून बसले असतील. बसू नका. मी तुमच्यातली नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचते, आणि जेवताना वाचते, कारण हसून हसून अन्न चांगलं पचतं. प्रत्येकाला बाई दिसते, आणि प्रत्येक बाई पांढऱ्या साडीत. मला सांगा, आमच्याकडच्या धुळीत पांढरी साडी नेसून कोण हिंडेल? एका वळणावर उभी राहिली तरी पुढच्या वळणापर्यंत तिची तपकिरी होईल. मग पैंजण वाजतात, मग मागून हाक येते, मग लेखकाला ताप येतो. ताप आला तर रक्त तपासा ना! ते नाही. लिंबू उतरवतात आणि इथं अनुभव पाठवतात.

मी जाफराबादची. आमच्या पणजोबांनी छप्पन सालानंतर देव्हाऱ्यासकट सगळे देव पूर्णेत सोडले, आणि देवांच्या पाठोपाठ भुतंही आमच्या घरातून गेली ती कायमची. वडील शाळेत विज्ञान शिकवतात. लहानपणी मी अंधाराला भ्यायले तर ते जवळ घ्यायचे सोडून अंधाराची व्याख्या विचारायचे. तर अशा घरातली मी. माझ्यावर हा प्रसंग यावा… असो. आला.

कॉलेजचं नाव सांगत नाही, पण खुणा सांगते. राजूर सोडून केदारखेड्याकडं निघालात की कपाशीच्या रानात एक गुलाबी इमारत दिसते. आधी ते मंगल कार्यालय होतं. लग्नं चालेनात म्हणून मालकानं तिथं कॉलेज काढलं. जिथं नवरी नटायची तिथं आमची लायब्ररी आहे, आणि आरशाला अजून टिकल्या चिकटलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर न्यूट्रिशन, खालच्या मजल्यावर इमर्जन्सी मेडिकल केअर. म्हणजे काय खावं ते वर शिकवतात, आणि न खाल्ल्यावर काय करावं ते खाली. मी खालची. आम्हाला न्यूट्रिशनचा एक पेपर असतो आणि वरच्यांना फर्स्ट एडचा, म्हणून दोन्हीकडच्या पोरी एकमेकींना तुच्छ लेखून सुखानं राहतात.

आणि मागच्या अंगणात ती गाडी. एका बंद पडलेल्या दवाखान्यानं दिलेली जुनी अँब्युलन्स. इंजिन नाही, चाकांच्या जागी विटांचे थर. आमच्या माहितीपत्रकात तिचं नाव 'अत्याधुनिक सिम्युलेशन लॅब'. फोटो असा काढलाय की विटा दिसू नयेत. तिची बॅटरी तेवढी चांगली होती, म्हणून प्राचार्यांनी ती घरच्या इन्व्हर्टरला नेऊन लावली. आम्ही विद्यार्थ्यांनी बॅटरीसाठी किती अर्ज दिले! आतला दिवा लागत नाही, सक्शन मशीन चालत नाही, आम्ही शिकायचं काय? सर म्हणायचे, "बघू. वरून मंजुरी यू द्या." वर म्हणजे कुठं? वरच्या मजल्यावर तर न्यूट्रिशन होतं.

आता वैशाली. वैशाली राजूरचीच, माझी रूम पार्टनर. वजनानं इतकी हलकी की पंखा जोरात लावला तर मी तिची ओढणी धरून ठेवायचे. त्यामुळं कुठल्याही प्रॅक्टिकलला पेशंट तीच. पोरं म्हणायची, वैशी पेशंट असली की स्ट्रेचर उचलताना चहाचा ट्रे उचलल्यासारखं वाटतं. तिला शाळेत असल्यापासून डायबेटिस. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. होस्टेलच्या फ्रिजमध्ये प्राचार्यांचं ताक आणि वैशीचं इन्सुलिन शेजारी शेजारी असतं, आणि सर दर वेळी विचारतात, "हे कुणाचं अत्तर ठेवलंय?"

आमची फायनल प्रॅक्टिकल नेमकी अंगारकीला आली. राजूरच्या गणपतीला अंगारकीची काय गर्दी असते ते मी सांगायला नको. जालन्यापासून जीपा भरभरून येतात, टपावर माणसं, माणसांच्या खांद्यावर माणसं. वैशीच्या घरात अंगारकीचा उपवास पिढीजात. सकाळी मी बघितलं तर ही पोटात सुई टोचून घेत होती.

"वैशे, इन्सुलिन घेतलं. आता खा काहीतरी."

"अंगारकी हाय आज."

"मंग सुई कशाला घेतलीस?"

"सुई उपवासाला चालती."

ऐकताय ना? ही पोरगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. साखर कमी झाल्यावर काय होतं हा प्रश्न तिला लेखी परीक्षेत आल्ता आणि ती पानभर उत्तर लिहून आल्ती. पण ते उत्तर पेपरातल्या पेशंटचं. अंगारकी वेगळी. मी तिला म्हणलं, "बाई, तुझा गणपती मोदक खातो, आणि तू त्याच्यासाठी उपाशी राहणार?" ती चिडली. म्हणाली, "तुमच्या घरात न्हाई करत तर न्हाई. आमच्यात करतेत. खिचडी खाते ना थोड्या वेळानं! कॉलेजात हाय आज खिचडी."

होतीच. न्यूट्रिशनच्या मॅडमनी उपवासवाल्यांसाठी भगर आणि साबुदाण्याची खिचडी, आणि एक्झामिनरसाठी श्रीखंड-पुरी असा बेत केला होता. प्रॅक्टिकल लवकर आटपायची, मग सगळ्यांनी जेवायचं. हिशोब बराबर होता. फक्त एक्झामिनर डॉक्टरांची गाडी राजूरच्या गर्दीत अडकली.

आम्ही वाट बघत बसलो. वैशीला मेकअप करून ठेवला होता. मोटरसायकलवरून पडलेली पेशंट, डोक्याला मार, रक्तस्राव, शॉक. रक्त वरच्या मजल्यानं करून दिलं होतं, बीटाचा रस आणि कॉर्नफ्लॉवर. दोन डिपार्टमेंटनी मिळून केलेलं ते एकमेव काम. ते हनुवटीपासून गळ्यापर्यंत ओघळ काढून इतकं छान बसलं होतं, की वैशीनं खिचडीकडं नुसतं बघितलं तरी सर ओरडायचे, "तोंड हलवू नको! बीट संपलंय!"

डॉक्टर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गर्दीत कुणीतरी त्यांच्या गाडीच्या बोनेटवर नारळ फोडला होता म्हणे. आल्या आल्या त्यांनी घड्याळ बघितलं, मग श्रीखंड बघितलं, आणि मग आमच्याकडं.

माझी टीम पहिली. टीम लीडर मी. गाडीचं मागचं दार उघडलं, आत स्ट्रेचरवर वैशी. मी तपासत गेले आणि मोठ्यानं बोलत गेले, परीक्षेत बोलावं लागतं तसं. "पेशंट अर्धवट शुद्धीत. त्वचा गार, घामेजलेली. नाडी जलद." आणि खरंच घाम होता! कपाळावर, ओठावर, गळ्यावर. हात गार. नाडी तर पळत सुटलेली.

डॉक्टर वाकून म्हणाले, "अरे वा. घाम कसा आणला?"

प्राचार्य छाती काढून म्हणाले, "आमच्याकडं सगळं रिअलिस्टिक असतंय सर. बिलकुल तडजोड न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, सुजाताबाई, तुम्हाला कळलं कसं नाही? सांगते. स्क्रिप्टमध्ये शॉक होता. शॉकमध्ये काय होतं — घाम, गार हात, पळती नाडी, बडबडणारं माणूस. आणि साखर खाली गेल्यावर काय होतं? घाम, गार हात, पळती नाडी, बडबडणारं माणूस. आमची वैशी खऱ्या आजाराची खोट्या आजारात इतकी बेमालूम ॲक्टिंग करत होती, की तिला टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी स्वतः वाजवल्या. मी विचारलं, "वैशे, बरी हाय ना?" तिनं "हूं" केलं. मला वाटलं, सकाळचा राग अजून गेला नाही.

दुसऱ्या टीमची परीक्षा जेवणानंतर. सर गाडीत डोकावून म्हणाले, "तू उठू नको बरं का. मेकअप बिघडतो. पडून राह्य. तुझी खिचडी इथंच पाठवतो." आणि दार लोटून घेतलं, बीट उन्हात वाळू नये म्हणून. पोरीची काळजी नव्हती, बीटाची होती.

मग सगळी वरात मांडवात. मी हात धुऊन भगरीच्या रांगेत बसले. भगर मला उपवासाशिवायही आवडते, आणि उपवासवाल्यांच्या रांगेत वाढप लवकर होतं. तेवढ्यात सायरन सुरू झाला.

तर मी उन्हात उभी. सायरन वाजतोय. आणि गाडीत बॅटरी नाही.

मला भीती नाही वाटली. मला राग आला. माझा पहिला संशय दुसऱ्या टीममधल्या पोरांवर. त्यांनी कुठून तरी बॅटरी आणून जोडली असेल, डॉक्टरांसमोर शायनिंग मारायला. मी तरातरा गेले आणि बोनेट उचललं.

आत कोंबडी बसली होती.

बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात, अंड्यांवर. शेजारच्या वस्तीवरची तांबडी कोंबडी, कॉलेजच्या मेसला अंडी पुरवणाऱ्या बाईंची. तिच्या डोक्याच्या वर दोन हातांवर तो भोंगा बोंबलत होता, माझे दात झिणझिणत होते, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की मीच फार आवाज करतेय. बॅटरीच्या दोन्ही वायरी तिच्या पंखाखालून बाहेर आल्या होत्या. मोकळ्या. कशालाही न जोडलेल्या.

मी ड्रायव्हरच्या बाजूनं आत डोकं घातलं. सायरनच्या बटणाच्या जागी नुसतं भोक. वायरी कापून, टेप गुंडाळून, बाहेर लोंबत सोडलेल्या. सायरन चालूच! आता तर मला वाटलं, तो जरा चिडून वाजतोय… हे मी वाढवून सांगतेय का? नाही. हे नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मागं कुणीतरी मोबाईल आणि मोठा स्पीकर घेऊन बसलंय. वैशीला सामील करून घेतलंय. मी मागं गेले, तोंडात येतील त्या शिव्या मोजून घेतल्या आणि दार ओढलं.

"कोन हाय रे आत? निघ भाईर, तुज्या…"

दार उघडलं आणि सायरन थांबला. हळूहळू नाही. कापल्यासारखा.

आत स्पीकर नव्हता. मोबाईल नव्हता, सगळ्यांचे मोबाईल परीक्षेसाठी ऑफिसच्या कपाटात जमा होते. आत फक्त वैशी होती. स्ट्रेचरवरून एक हात खाली लोंबत होता, डोळे अर्धे उघडे, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, आणि घशातून घरघर. खिचडीचं ताट कुठंच नव्हतं.

मी तिला हाक मारली. चिमटा घेतला. ती कण्हली, पण डोळे माझ्याकडं आले नाहीत. तेव्हा मात्र माझ्या तोंडातल्या शिव्या जागीच वाळल्या.

"सर!" मी ओरडले. सायरन काहीच नाही, मी अशी ओरडले. "वैशाली गेली… म्हंजे बेशुद्ध गेली! खरी! खरीखरी!"

सगळे धावत आले. आणि काय आले म्हणून सांगू! न्यूट्रिशनच्या मॅडम साखरपाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि थेट वैशीच्या तोंडात ओतायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "मॅडम, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं न्हाई! फुफ्फुसात जाईल!"

"अगं पण साखर हाय ती!"

"साखर असू द्या न्हाई तर अमृत असू द्या!"

मी वैशीला कुशीवर वळवलं, जबडा मोकळा केला. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटर लावला. त्या मशीननं आकडा दाखवायचं सोडून 'लो' एवढंच दाखवलं. म्हणजे आकडा दाखवायच्या लायकीचीही साखर उरली नव्हती. डॉक्टरांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. श्रीखंड खाणारा माणूस गेला आणि डॉक्टर आला, एवढं त्यांना मान्य करते.

"डेक्स्ट्रोज कुठंय?"

"स्किल लॅबच्या कपाटात."

"आण."

"कुलूप हाय. चावी सरांकडं."

सर म्हणाले, "चावी घरी राह्यली."

बघा. पोरगी मरायला टेकली, शिरेतून द्यायची साखर पलीकडच्या खोलीत, आणि चावी घरी, इन्व्हर्टरच्या शेजारी. अँब्युलन्सला फोन लावला तर ती राजूरच्या गर्दीतून येणार, आणि डॉक्टर स्वतःच तिथं किती वेळ अडकले होते ते सगळ्यांनी बघितलं होतं.

स्किल लॅबच्या भिंतीला आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं. आमच्या माहितीप्रमाणे ते मंगल कार्यालयाच्या काळापासून रिकामं. मी ते काढलं आणि कपाटाच्या कुलपावर घातलं. पहिल्या घावात कडी वाकली, दुसऱ्यात कुलूप उडालं, आणि सर "अगं कॉलेजची प्रॉपर्टी!" म्हणाले. मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते भिंतीला टेकले. नळकांडं माझ्या हातात होतंच.

डॉक्टरांनी शीर शोधली आणि सुई माझ्या हातात दिली. म्हणाले, "खूप वर्षांत मी स्वतः लावलं नाही. तू लाव." वैशीच्या शिरा दोऱ्यासारख्या. सुई आत गेली, नळीत रक्त दिसलं, आणि डॉक्टर माझ्या कानाशी सांगत राहिले, "हळू. हळू सोड." मी हळू सोडत होते. सगळं अंगण माझ्या हाताकडं बघत होतं. कोंबडीसुद्धा.

वैशीची पापणी हलली. मग बोटं. मग तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, मग सुईकडं, मग बाटलीकडं.

"काय देऊन राह्यली गं?"

"डेक्स्ट्रोज."

ती जरा विचारात पडली. "ते उपवासाला चालतं का?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. आणि मग तिला इतक्या शिव्या दिल्या की डॉक्टरांना मला बाहेर न्यावं लागलं.

संध्याकाळी वैशी होस्टेलच्या खाटेवर बसून डाळ-भात खात होती, माझ्या देखत, शेवटच्या शितापर्यंत. दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलेलं मी ऐकलं: "जेवण होईपर्यंत तशीच राहिली असती तर तुम्ही मला दुसऱ्या प्रॅक्टिकलला प्रेत दाखवलं असतं."

म्हणजे सायरन वाजला नसता तर. आणि सायरन वाजायला नको होता.

मी वैशीला विचारलं, "तुला ऐकू आला का?"

"काय?"

"सायरन. तुझ्या डोक्यावर वाजत होता तो."

"न्हाई," ती म्हणाली. "मी खिचडी खाऊन राह्यले असं वाटत होतं मला. शेंगदाण्याची." आणि भात खात राहिली.

आता स्पष्टीकरणं. मला सगळ्यांनी दिली, आणि मी सगळ्यांची वाट लावली. एक जण म्हणाला, रस्त्यावरून दुसरी अँब्युलन्स गेली असेल. गेली असेल तर माझं डोकं बोनेटमध्ये असताना ती माझ्या टाळक्यावर कशी वाजत होती? दुसरा म्हणाला, शॉर्टसर्किट. अरे, सर्किट तरी पाहिजे ना! कोंबडीचं अंडं पॉझिटिव्ह आणि कोंबडी निगेटिव्ह? वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "सामूहिक भ्रम." मी म्हणलं, "बाबा, श्रीखंड वाढणारे, खाणारे, न खाणारे, दुसऱ्या गावचे डॉक्टर, सगळ्यांना एकदम भ्रम? आणि जिला व्हायला पाहिजे होता, त्या बेशुद्ध पोरीला एकटीलाच नाही?" ते म्हणाले, "मग मला प्रत्यक्ष बघावं लागेल." आजपर्यंत आले नाहीत.

आणि गावानं काय करावं? दोन दिवसांत गाडीच्या बोनेटला हळदकुंकू लागलं. उदबत्ती लागली. एक बाई कोंबडीच्या पाया पडताना मी स्वतः बघितलं. आमच्या शिपाईमामांनी तर छातीठोक सांगितलं, की जुन्या ड्रायव्हरचा आत्मा आहे गाडीत, रामभाऊंचा, गाडीवर फार जीव होता त्यांचा.

मला चीड आली. भूत व्हायला माणूस आधी मेला पाहिजे, एवढी तरी अट पाळा! मी रामभाऊंना ओळखत होते. केदारखेड्याला त्यांची चहाची टपरी आहे, आणि ते इतके जिवंत आहेत की उधार मागणाऱ्याला गिऱ्हाईकांदेखत हाकलतात. मी शेअर जीप पकडून गेले. म्हणलं, "काका, तुमचं भूत आमच्या गाडीत सायरन वाजवून राह्यलंय म्हणे."

त्यांनी चहा गाळता गाळता वर बघितलं. "कुठल्या गाडीत? त्या डबड्यात?"

"हो."

"सायरन?"

"हो काका. सगळ्यांनी ऐकला."

"बाई, मी ती गाडी सालोसाल चालवली. बॅटरी नवी होती, इंजिन हुतं, समदं हुतं. सायरन एकदा वाजला न्हाई. मी खिडकीतून मुंडकं भाईर काढून वरडत जायचो — सरका, सरका, पेशंट हाय! घसा बसायचा माझा." त्यांनी मला कप दिला. "त्यो भोंगा नुसता शोभेला हुता."

तो चहा मी कसा प्यायले मला आठवत नाही. तोपर्यंत माझ्या मनात कुठंतरी होतं, की वायरींमध्ये काही शिल्लक असेल, एखादी युक्ती असेल, विज्ञानाचा कुठला तरी कोपरा असेल जो मी शिकले नाही. आता तेही गेलं. जो भोंगा बॅटरी असताना कधी वाजला नाही, तो बॅटरी नसताना, दिवसाढवळ्या, नेमका त्या वेळी वाजला, आणि नेमका दार उघडेपर्यंत वाजला. याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर स्वतःजवळ ठेवा. त्यात पांढरी साडी असणार, मला माहिती आहे.

मात्र एक करायचं मी ठरवलं. वैशी वाचली ती नशिबानं म्हणा, कशानंही म्हणा, पण पुढच्या वेळी त्या गाडीत दुसरी कोणी पोरगी पडलेली असली तर? निदान आत दिवा लागावा, निदान बटण दाबलं की भोंगा वाजावा. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते खुशीत होते. एक्झामिनरनी शेऱ्यात 'परिस्थिती अत्यंत वास्तवदर्शी' असं लिहिलं होतं, आणि सायरन हा सिम्युलेशनचाच भाग होता असं सरांनी त्यांना, आणि आता बहुतेक स्वतःलाही, पटवून टाकलं होतं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वायरी कापलेल्या. बटण नाही. कोंबडी. रामभाऊ काय म्हणाले ते. वैशीच्या घशातली घरघर. सर, ती मेली असती. सर, बॅटरी नसताना वाजला तो.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ग्लासातलं ताक संपवलं. मिशा पुसल्या.

"मंग आता बॅटरी आणायची गरज न्हाई," ते म्हणाले.